साय चार मिलिमीटरनं पातळ झाली

सूनबाई पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी निघाली, तेव्हा कपाटाची किल्ली तिनं सासूकडे दिली आणि काचेची एक बरणी माझ्या हातात ठेवली. बरणीत तपकिरी पाणी होतं आणि त्यावर पांढरट, गुळगुळीत, सायीसारखी जाड चकती तरंगत होती. कोंबुचा. साखरेच्या काळ्या चहात ही चकती सोडली की तो आठ-दहा दिवसांत आंबतो आणि ते पाणी मग आवडीनं प्यायचं, एवढं मला तिच्यामुळं कळलं होतं. आवड मात्र घरात तिची एकटीचीच. डॉक्टरांनी तिलाही ते तूर्त बंद करायला सांगितलं होतं.

"बाबा, प्यायचं कुणाला नाही. मी येईपर्यंत फक्त जिवंत ठेवा. आईंना सांगितलं असतं, पण त्या नाक धरतात. आणि तुम्ही नोंदी नीट ठेवता."

धरणाच्या पाण्याची पातळी नोंदवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. त्याबद्दल घरात कुणी मला चांगलं म्हटल्याचं आठवत नाही. मुलाच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि या मुलीनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी वही आखली. तारीख, खोलीचं तापमान, सायीची जाडी, वास, शेरा. जाडी बरणीला बाहेरून पोलादी पट्टी लावून मोजायची. पहिली नोंद: चौदा मिलिमीटर.

बायको पोळ्या लाटता लाटता बघत होती.

"सत्तावीस वर्षं दह्याचं विरजण चालवतेय मी. एकदा तरी पट्टी लावली का?"

"दह्याची जाडी कोण मोजतं?"

"तेच म्हणते मी."

तिच्या बोलण्याकडे मी दुर्लक्ष केलं, कारण सूनबाईनं दिलेला कागद माझ्याजवळ होता. महिन्यातून एकदा चहा बदलायचा. जुनं आंबट पाणी एक चतुर्थांश तरी ठेवायचं. ऊन लागू द्यायचं नाही. तोंडाला सुती कापड बांधायचं, घट्ट झाकण लावायचं नाही. कागदात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पुढं जे झालं त्याला तो कागद जबाबदार नाही.

मार्चमध्ये सायीखाली तपकिरी दोरे लोंबायला लागले. सूनबाईला विचारणं बरं दिसेना, तिचा नववा महिना होता. मी इंटरनेटवर अकरा जणांची मतं वाचली. चौघं म्हणाले टाकून द्या, चौघं म्हणाले हे चांगलं लक्षण आहे, आणि उरलेले तिघं बरण्या विकत होते. बहुमत नसल्यामुळं मी काहीच केलं नाही. दोरे निरुपद्रवी निघाले. कोरडी, केसाळ, हिरवी-निळी बुरशी दिसली तरच घाबरायचं, हे मला नंतर पक्कं कळलं, आणि ते कळायला इंटरनेट लागलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक विचित्र नोंद झाली. साय सतरा मिलिमीटरपर्यंत वाढली होती. एका सकाळी पट्टी लावली तर तेरा. मी तीनदा मोजलं. तेराच. पारा एकोणचाळीसवर होता, म्हणून मी शेरा लिहिला: "उन्हामुळे आक्रसली असावी." शास्त्रीय वाटला. त्याच दुपारी ताटात लिंबाचं लोणचं होतं. आमच्या लोणच्याला इतकी मिरची नसते.

"लोणचं कुठलं?"

"शेजारच्या काकूंचं. वाटी परत आली, तिच्यात."

चांगलं होतं. वहीत लोणच्याचा रकाना नव्हता.

एप्रिलमध्ये नात झाली. मे महिन्यात मी बरणी ओल्या पोत्याच्या तुकड्यावर, सर्वांत गार खोलीत हलवली. आणि मग नळ आला.

आमच्या भागात तेव्हा नळ नवव्या दिवशी येत होता. नळ आला की धाराशिवातलं कुठलंही घर काय करतं ते मला कुणी शिकवायला नको. पिंप, हंडे, बादल्या, सगळं शिळं पाणी झाडांना घालायचं, भांडी घासायची आणि पहिल्या धारेपासून नवीन भरायचं. त्या दिवशी चहा बदलायची तारीखही आली होती. भांडी घासायच्या भरात मी बरणीही घेतली. आतल्या पाण्याचा वास डोक्यात जात होता. एवढं शिळं पाणी आम्ही घरात कधीच ठेवत नाही. दोन चमचे ठेवून बाकीचं कढीपत्त्याला घातलं, बरणी लखलखीत घासली आणि ताज्या पाण्याचा चहा केला. नळाला जंतुनाशक पावडरीचा वास येत होता. मला बरं वाटलं. वास येतोय म्हणजे पाणी शुद्ध आहे, असंच आम्ही समजत आलो आहोत. ते पाणी मी कोमटच केलं, नीट उकळलं नाही. गॅस वाचवला.

नव्या चहाला आंबटपणाचं बळच राहिलं नाही. बाराव्या दिवशी सायीवर हिरवे ठिपके आले, पंधराव्या दिवशी त्यांना केस फुटले. जाडी मोजली. नऊ मिलिमीटर. शेरा: "मृत." मग मागच्या दारी कढीपत्त्याजवळ खड्डा करून पुरली. कढीपत्ता अजूनही माझ्याकडे तिरका बघतो.

दुसऱ्या दिवशी सूनबाईचा फोन आला. "बाबा, पंधरा दिवसांनी येतोय आम्ही दोघी. बरणी कशी आहे?"

"नोंदी चालू आहेत," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. खोलीचं तापमान मी त्या सकाळीही लिहिलं होतं.

इंटरनेटवर अशी साय पाकिटात मिळते. मागवायची, बरणीत सोडायची, वहीतलं "मृत"चं पान फाडायचं आणि मागच्या पंधरा दिवसांचे आकडे बेताबेतानं नव्यानं भरायचे. मी पेन उघडलंही. सव्वीस वर्षांत धरणाची पातळी मी एक सेंटिमीटरनंही खोटी लिहिली नाही, आणि आता एका सायीसाठी लिहिणार होतो. पेन मिटून बायकोला सगळं सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "काकूंकडं चला."

"का?"

"मार्चमधी मी त्यातला एक थर सोलून काकूंना दिला वाटीत. विरजण कधी एकाच घरात ठेवत्यात का? आपलं नासलं तर आणायचं कुठून?"

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर दिला असता का तुम्ही? काकूंकडून अर्ज भरून घेतला असता."

शेजारच्या काकू सत्तरीच्या. त्यांनी माठामागून चिनीमातीची बरणी काढली. वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. आत भाकरीएवढी साय. पट्टी माझ्या खिशातच होती. चिनीमातीतून काही दिसेना, म्हणून ती कडेनं आत बुडवली. एकतीस मिलिमीटर.

"काकू, तुम्ही हिला घालता काय?"

"काय घालायचंय? बिनदुधाचा चहा उकळते, साखर टाकते, गार झाला की वतते. जुनं आंबट निम्मं ठेवते."

"आणि पाणी?"

"माठातलं. चार दिस मुरल्यालं. नळाच्या ताज्या पाण्यात दही तरी लागतं व्हय?"

"किती तापमानाला ठेवता?"

"माठामागं." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "हे लई मोजत्यात गं! माझ्या माकणीच्या बहिणीला दिला एक थर, तिनं न्हाय असं काय इचारलं."

म्हणजे आमच्या बरणीचा वंश मला न कळवता माझ्याच धरणाकडच्या माकणी गावापर्यंत पोचला होता. मी एक थर आणि दोन पेले आंबट पाणी घेतलं, आणि या वेळी चहा खळखळून उकळला.

सूनबाई आली. बाळ सासूकडे दिलं आणि थेट बरणीकडे गेली. साय पांढरी, तलम, जिवंत होती. ती हसली. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. मी वही तिच्या हातात दिली.

तिनं उभ्यानंच वाचली. "मृत" पाशी थांबली. मला वाटलं, आता ही मला पुन्हा कधी काही मागणार नाही.

"पुरली?"

"कढीपत्त्याजवळ."

"बाबा, मी पुण्यात दोन मारल्यात. ही तिसरी, मैत्रिणीच्या आईकडून आणलेली."

"मग जाताना सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतं, आधीच्या दोन कशानं गेल्या. तारखांसकट." मग मागची पानं चाळत म्हणाली, "आणि हे सतराचे तेरा? ऊन?"

आतून बायकोचा आवाज आला, "ऊन म्हणं!"

कार्यालयात चुकीच्या नोंदीवर खाडाखोड चालत नाही. एक रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि खरं लिहायचं. मी तसंच केलं: "एक थर शेजारी दिला. वाटीत लिंबाचं लोणचं आलं." सूनबाईनं पट्टी घेतली आणि एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, "कुणाकडे दिली." मग बरणीवरचं कापड सोडून मला विचारलं, "पुढचा थर तुम्ही सोलता का?"