फोटोपुरता चुंबक

लेकीला आणायला शाळेत गेले, तेव्हा तिसरीच्या वर्गात कृतीतून विज्ञान चाललं होतं. बाई एकेका मुलाच्या हातात चुंबक देत होत्या, मोबाइलवर फोटो काढत होत्या आणि चुंबक लगेच परत घेत होत्या.

“बाई, खिळ्याला लावून बघू?” माझ्या लेकीने विचारलं.

“नको गं, हरवेल. फोटो झाला ना तुझा?”

त्यांना तरी काय बोलणार? खिळा चिकटला का, हे वरून कुणी विचारत नाही. फोटो आला का, एवढंच विचारतात. चुंबक पुन्हा कपाटात गेला. कपाट लोखंडी होतं. चिकटायचं ते तो बहुधा कुलपाआडच चिकटत असेल.

वाटेत लेकीला विचारलं, “आज काय शिकलात?”

“चुंबक धरून हसायला,” ती म्हणाली.