नसीमचं दुकान चालत होतं

नसीम गेल्याचं मला मंडईत कळलं. मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते, तेवढ्यात तिच्या मुलीचा, रुबीनाचा फोन आला. "माधुरीमावशी, अम्मी उठत नाहीये," एवढंच ती म्हणाली, आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं असं त्यांनी सांगितलं होतं. संध्याकाळी पुरुषमंडळी तिला घेऊन गेली आणि आम्ही बायका घरात बसून राहिलो. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बिचारीचं परदेशातलं दुकान बुडालं ना हो, तेच मनाला लागलं असणार. कशाला जायचं म्हणते मी एवढ्या लांब!" दुःखाच्या घरी भांडायचं नाही, म्हणून मी गप्प बसले. आता महिना उलटून गेलाय. या मधल्या काळात तेच वाक्य मी आणखी चार तोंडून ऐकलं, आणि आता गप्प बसायची माझी तयारी नाही.

नसीमचं दुकान बुडालं नव्हतं. चालत होतं. इतकं चांगलं चालत होतं की लोक कोट हातात घेऊन दाराबाहेर थांबत. ते तिला सोडायला लावलं... का, ते ऐका.

आम्ही दोघी एका शाळेत, एका बाकावर. पुढे मी विम्याच्या कचेरीत चिकटले. तिनं बी.कॉम. केलं आणि वडिलांचं शनिवार पेठेतलं शिवणकामाचं दुकान हातात घेतलं. निम्म्या पेठेची ब्लाउजं तिच्याकडे असत. नवीन गिऱ्हाईक आलं की हटकून म्हणायचं, "तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो!" त्यावर नसीम टेप गळ्यात अडकवत म्हणायची, "तुमचंही बरं आहे." समोरच्याला हसावं की रागवावं कळायच्या आत तिनं खांद्याचं माप घेतलेलं असायचं.

नवरा लवकर गेला. मुलीला तिनं एकटीनं वाढवलं, शिकायला परदेशी पाठवलं. उत्तरेकडचा एक थंड देश. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण रुबीनानं लिहू नको म्हटलंय. आईच्या आजारपणासाठी नोकरी सोडून ती पुण्यात आली होती. उद्या परत जायचं तर तिलाही व्हिसासाठी त्यांच्याच दारात उभं राहावं लागणार आहे. मुलीच्या पदवीदानाला नसीम तिकडे गेली, तेव्हा रुबीनाच्या घरमालकिणीचा एक कोट आतून फाटलेला होता. चांगला लोकरीचा कोट, पण टाकून द्यायला काढलेला, कारण त्या गावात तो दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं. नसीमनं त्याचं अस्तर बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण पँट घेऊन आली, मग तिची बहीण आली. परत आल्यावर नसीम मला म्हणाली, "माधुरी, तिथे माणसं कपडे फेकून देतात आणि वर हळहळतात. मी तिथे दुकान टाकणार." तेव्हा तिचं इथलं दुकान ज्या इमारतीत होतं ती पाडायला काढली होती. नव्या इमारतीत तिला जागा मिळायची नव्हती. पन्नाशी उलटलेली बाई दुसऱ्या खंडात धंदा मांडायचं म्हणते, याचं मला हसू आलं नाही. ती जे म्हणायची ते करायची.

अशा धंद्यासाठी तो देश व्हिसा देतो, फक्त धंद्याचा आराखडा आधी पटवून द्यावा लागतो. त्यासाठी आम्ही एका सल्लागाराकडे गेलो. काचेचं ऑफिस, भिंतीभर व्हिसा मिळालेल्या हसऱ्या माणसांचे फोटो. नसीमनं सगळं सांगितलं. झिपा बदलेन, अस्तरं लावेन, कोट अंगाबरहुकूम करून देईन. तो तरुण हसला. "मॅडम, दुरुस्तीला व्हिसा देत नाहीत. काहीतरी नवीन दिसायला हवं. आपण हातमाग लिहू. भारतीय वस्त्रांचा डिझाइन स्टुडिओ. खण, हिमरू, पैठणी."

"मला ते विकायचं नाहीये," नसीम म्हणाली.

"विकू नका ना. थोडं मांडून ठेवा. दुरुस्ती तिथे गेल्यावर करा, कोण बघतंय?"

बाहेर आल्यावर तिनं त्याचं कार्ड पर्समध्ये कोंबलं. मग म्हणाली, "मी जे करते ते लिहायला लाज वाटावी असं काय आहे त्यात?" मी तिला सांगितलं की स्वतःच अर्ज कर, खरं ते लिही. पण आम्हाला त्या फॉर्मांची भाषाच कळेना. दुसऱ्या एका सल्लागारालाही विचारून पाहिलं, त्यानंही तेच सांगितलं. शेवटी त्या पहिल्याच तरुणाकडून, डिझाइन स्टुडिओ असं लिहून अर्ज गेला. मुंबईच्या मुलाखतीत तिला विचारलं, या वस्त्रांना तिथे मागणी येईल का? ती म्हणाली, "मागणी कशाला येईल ते तिथे बसल्यावरच कळेल." एवढं एक खरं वाक्य तिनं त्या सगळ्या प्रकरणात घुसवलं. व्हिसा मिळाला. सल्लागारानं तिला पेढे द्यायला लावले आणि पासपोर्ट हातात धरून फोटो काढला.

आणि मग अगदी व्हायचं तेच झालं. तिकडे दुकानाच्या काचेत खणाचे तागे मांडले. लोक आत येत, हात फिरवत, "सुंदर" म्हणत आणि निघून जात. कोपऱ्यातलं मशीन मात्र दिसलं की थबकत. हे शिवून मिळेल? हे उसवून मिळेल? नसीम कुणाला नाही म्हणणारी नव्हती. वर्षभरात खणाचे तागे मागच्या खोलीत गेले आणि पुढे शिवणाचं मोठं टेबल आलं. गावातला कपड्यांचा कारखाना बंद पडल्यानं घरी बसलेल्या दोन बायकांना तिनं कामावर घेतलं. त्यांतली एक मार्ता. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येई, नसीमला तिची भाषा जेमतेम. दोघी बोटांनी आणि टाचण्यांनी बोलत. नसीम रविवारी मला फोन करी तेव्हा मागे मशीन चालल्याचा आवाज येई. "सुट्टी नाही का तुला?" मी विचारायची. "आहे गं, पण एका मुलीचं उद्या लग्न आहे आणि गाऊन घट्ट झालाय... तिला काय सांगू, सुट्टी आहे म्हणून लग्नात श्वास घेऊ नकोस?" इतक्या वर्षांत तिचा आवाज मी एवढा मोकळा ऐकला नव्हता.

मग व्हिसा वाढवायची वेळ आली. तिनं हिशेब जसेच्या तसे दिले. प्रत्येक झिप, प्रत्येक टीप त्यात लिहिलेली. कर भरलेला. अधिकाऱ्यानं कागद पाहिले आणि विचारलं, परवानगी वस्त्रांच्या स्टुडिओची होती, आणि इथे जवळजवळ सगळं उत्पन्न दुरुस्तीचं दिसतंय, हे कसं? रुबीना सोबत होती, तिनं मला सगळं सांगितलं. नसीम म्हणाली, "कारण तुमच्या लोकांना दुरुस्ती हवी आहे." तो म्हणाला, तो प्रश्न नाही. ती म्हणाली, "दुकान नफ्यात आहे. तुमच्याच गावच्या दोन बायका माझ्याकडे पगार घेतात. तुम्हाला आणखी काय हवं?" तो पुन्हा म्हणाला, अगदी नम्रपणे, तो प्रश्न नाही. सांगितलेला धंदा तुम्ही करत नाही, आणि करता तो सांगितलेला नाही. तिनं सल्लागाराची गोष्ट सांगितली. त्यावर तो म्हणाला, अर्जावर सही तुमची आहे.

या नम्रपणाची मला आजही चीड येते. तिनं खोटे हिशेब केले असते, चार खणांच्या खोट्या पावत्या फाडल्या असत्या, तर तिचा व्हिसा वाढला असता. कागदाशी जुळणारा खोटा धंदा त्यांना चालला असता, कागदाशी न जुळणारा खरा धंदा चालला नाही. धंदा म्हणजे काय असतो हे त्या टेबलामागच्या माणसाला माहीत नसेल का? गिऱ्हाईक जे मागतं त्याच्यामागे दुकान जातं, जगात सगळीकडे. मंडईतली कुठलीही बाई हे सांगेल. अपील केलं, तेही फेटाळलं. दुकान मार्ताच्या नावावर करून नसीम पुण्याला परत आली.

इथे स्वागताला आपली माणसं होतीच. "काय, आलात परत? मानवलं नाही वाटतं तिकडचं?" नसीम उत्तर देईनाशी झाली. जिला एरवी प्रत्येकाला देण्यासारखं काहीतरी असे, ती नुसती मान हलवून पुढे जाई. ते बघवायचं नाही. आम्ही पुन्हा त्या काचेच्या ऑफिसात गेलो. तोच तरुण, आता जरा सुटलेला. त्यानं पाणी मागवलं, हळहळला आणि म्हणाला, "मॅडम, आमचं काम व्हिसा मिळवून देण्यापर्यंत. ते आम्ही केलं ना?" उठताना नसीमनं भिंतीकडे पाहिलं. तिचा फोटो तिथे होता. पासपोर्ट हातात धरून हसणारी.

पुढच्याच महिन्यात त्याच माणसाचं एका हॉटेलात मोफत मार्गदर्शन होतं. परदेशात व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी. नसीमनं मला सांगितलं, चल. हॉल भरलेला होता. पडद्यावर एकेका यशस्वी ग्राहकाचा फोटो येत होता. तिचा फोटो आला आणि ती उठून उभी राहिली.

"ही मी," ती म्हणाली. "हिचं पुढे काय झालं, तेही सांगा."

"मॅडम, आपण नंतर बोलू."

"नंतर नको. यांच्यासमोर बोलू. मी कपडे दुरुस्त करते असं लिहायचं होतं मला. तुम्ही लिहू दिलं नाहीत. मी तेच काम केलं, चांगलं केलं, आणि तेच केलं म्हणून मला हाकललं. माझा फोटो काढा तिथून."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "बसा हो मावशी" म्हणालं. तिथला कर्मचारी आमच्याकडे यायला लागला, तशी नसीम स्वतःच बाहेर पडली. लिफ्टपाशी मागून हाक आली. कात्रजच्या पुढच्या गावातला एक पोरगेलासा माणूस होता, लोखंडी फाटकं आणि गोठ्यांच्या जाळ्या बनवणारा. "ताई, थांबा की जरा. माझा बी अर्ज यांच्याकडंच हाय. त्यांनी मला इंजिनिअरिंग सोल्युशन का काय ते लिवाया लावलंय."

"आणि तुम्ही करता काय?"

"वेल्डिंग."

"मग वेल्डिंग लिहा. सही तुमची असणार आहे."

हॉटेलच्या पायरीवर बसून नसीमनं त्याला सगळं समजावलं. त्यानं अर्ज काढून घेतला आणि पुन्हा भरला. उशीर लागला, शंका काढल्या, पण व्हिसा मिळाला, वेल्डिंगचा! दुरुस्तीला व्हिसा देत नाहीत, हे वाक्य त्या दिवशी मला आठवलं आणि माझं डोकं फिरलं. खरं लिहूनही मिळत होतं तर. निदान प्रयत्न तरी करू द्यायचा होता तिला. नसीम मात्र त्या दिवशी खूप खूश होती. मागच्या बोळात तिनं लहानसं दुकान पुन्हा सुरू केलं होतं, तिथे तिनं मला चहा पाजला. हृदयाचा त्रास तेव्हाच सुरू झाला होता. आई एकटी म्हणून रुबीना आली, ती याच काळात. नसीम मनाला लावून घेऊन गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला त्या शेवटच्या वर्षात पाहिलेलं नाही. ती चिडलेली होती, आणि चिडलेली असताना ती फार जिवंत असायची.

तिच्या चाळिसाव्याला मी गेले होते. जेवणं झाल्यावर, दुपारी, रुबीनाच्या फोनवर मार्ताचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. नसीमच्या बातमीनं तिनं दुकान चाळिसाव्यापर्यंत बंद ठेवलं होतं, आज उघडलं होतं. ती आम्हाला फोन फिरवून सगळं दाखवत होती. मोठं टेबल. हँगरला लटकलेले कोट. खिडकीशी नसीमचं मशीन, त्याच्यापुढे तिची खुर्ची, खुर्चीच्या पाठीला तिचीच शाल. काचेवर बाहेरच्या बाजूला लिहिलेलं नाव उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. नसीम. मार्तानं ते बदललं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं आणि एक म्हातारे गृहस्थ हातावर जाकीट टाकून आत आले. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून काहीतरी विचारलं. मार्ता आमच्याकडे वळली. "हे विचारतायत, नसीम परत कधी येणार," ती इंग्रजीत म्हणाली. "सांगू?"

"सांग," रुबीना म्हणाली.

मार्तानं सांगितलं. त्यांनी टोपी काढली. जाकीट टेबलावर ठेवलं. मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, जरा मोठ्या आवाजात. मार्ता फोनकडे बघू लागली, तसं त्यांनी पुन्हा विचारलं. रुबीनाला ती भाषा चांगली येते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, इतकी चांगली बाई, तिला परत का पाठवली?"

खोलीतल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या, दुकान बुडालं म्हणणाऱ्या त्या गल्लीतल्या बाईसुद्धा. रुबीनानं फोन तोंडाजवळ घेतला आणि अगदी तिच्या आईच्या सुरात, आधी त्यांच्या भाषेत आणि मग आमच्यासाठी मराठीत म्हणाली, "आजोबा, ते तुमच्याच व्हिसा ऑफिसात जाऊन विचारा."