सूर्य उतू जातो तेव्हा

माझी मैत्रीण अलका दिल्लीत जन्मली, दिल्लीतच शिकली आणि आता सूर्यावर संशोधन करते. दिल्लीच्या हिवाळ्यात सूर्य दिसतच नाही, मग हे काम जमतं कसं, असं कुणी विचारलं की ती उपग्रहाकडे बोट दाखवते. तिच्या वडिलांना, शांतारामअण्णांना, हे काही पटत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत हयात गेलेला माणूस. त्यांच्या लेखी काम म्हणजे फाइल. मुलगी काय करते असं विचारलं की ते "हवामान खात्यात आहे" असं ठोकून देतात. अलकाने त्यांना हिंदीत समजावलं, इंग्रजीत समजावलं. अण्णा दोन्ही भाषांत डोळे मिटून घेतात. मराठीत सांगावं, तर तिचं मराठी स्वयंपाकघराच्या पुढे फारसं जात नाही.

तरी आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीतल्या मराठी मंडळात रथसप्तमीला बोलशील का, असं मी विचारलं तेव्हा ती लगेच तयार झाली. "मराठीत बोलेन," ती म्हणाली. "मी आयुष्यभर काय करते, ते अण्णांना एकदा तरी कळायला हवं यार." मी मंडळाची चिटणीस. आयता वक्ता मिळत असताना मी कशाला नाही म्हणू?

रथसप्तमीला सूर्यासमोर दूध उतू घालवायची आपली रीत. गोवऱ्या मागवल्या होत्या, पण गार्डने "मॅडम, धुआँ अलाउड नहीं है" म्हणून त्या गेटवरच अडवल्या. शेवटी क्लबहाउसच्या खिडकीशी इंडक्शनवर पातेलं चढलं. बाहेर धुरकं. पूर्व कुठली ते फोनवर बघून ठरवलं. अण्णा पहिल्या रांगेत, कानाला मफलर.

"सूर्यावर डाग असतात," अलकाने सुरुवात केली. इथवर ठीक होतं. "आणि या डागांजवळ मोठेमोठे फोड येतात."

तिला स्फोट म्हणायचं होतं. मागून मंडळातल्या अरुणामावशींनी शांतपणे सुचवलं, "कडुनिंबाचा पाला लाव म्हणावं."

हशा पिकला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, आणि अलकाचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. हसण्यात मीही होते, ही गोष्ट वेगळी.

"दूध वर येतंय गं," मावशी म्हणाल्या. सगळे खिडकीकडे वळले. अलका पातेल्याशी गेली आणि बघतच राहिली.

"हेच," ती म्हणाली. "बिल्कुल हेच. वर साय धरते, खाली तापत राहतं. सूर्यावर साय नाही, चुंबकाचं जाळं आहे. ते गुंततं, ताणलं जातं आणि एकदम तुटतं. मग सूर्य..." तिला शब्द सापडेना.

"उतू जातो," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे उघडे होते.

"हो, अण्णा. उतू जातो."

"लोकांना सांगायचं उतू नका, मातू नका," मावशी पुटपुटल्या, "आणि ह्याचं बघा."

दूध पातेल्याच्या काठावरून ओघळलं. अण्णा उठून जवळ आले. "आणि ते उतलेलं जातं कुठे?"

"बहुतेक वेळा दुसरीकडेच. कधीकधी आपल्या दिशेने येतं. मग उपग्रह बिघडतात, वीजही जाऊ शकते. कुठल्या बाजूला उतेल, हे आधी सांगता यावं म्हणून आम्ही बघत बसतो. तेच माझं काम."

अण्णांनी पातेल्याकडे बोट केलं. "तुझी आई दर रथसप्तमीला हेच बघत बसायची," ते म्हणाले. "पूर्वेला उतलं की वर्ष चांगलं जाणार म्हणायची. मी तिला वेड्यात काढायचो."

मग त्यांनी अलकाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला नाही काढणार."

अलका रडायला लागली. इंडक्शनवरचं दूध मलाच पुसावं लागलं.