दहा बोटं, सव्वीस झाडं

आमच्या कंपनीत गाड्यांचे गिअर तयार होतात, अशी मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची समजूत होती. एकटे मेंटेनन्सचे फिटरमामा सोडून. त्यांच्या मते पिंपरीच्या माळावर एवढी अवाढव्य शेड बांधली, शेकड्यांनी माणसं कामाला लावली, तीन-तीन शिफ्ट चालवल्या, हा सगळा खटाटोप मेंटेनन्सच्या भिंतीलगत ठेवलेल्या सव्वीस झाडांना वेळेवर पाणी मिळावं एवढ्यासाठी होता. आता एवढी माणसं जमलीच आहेत तर त्यांनी फावल्या वेळात गिअर करावेत, त्याला मामांची ना नव्हती. मी तिथे टेलिफोन ऑपरेटर होते. सत्तर सालाच्या आसपास लागले आणि बरीच वर्षं टिकले. माझी खोली फाटकाला चिकटून, त्यामुळे कंपनीतला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक भानगड माझ्या खिडकीवरूनच जायची. अशा जागी बसून मी पुष्कळ तऱ्हेवाईक माणसं पाहिली, पण मामांच्या पासंगाला पुरेल असं कुणी भेटलं नाही.

मामा रहाटणीचे जुने गावकरी. बुटके, काटक, सायकलवरून यायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि त्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. फिटर म्हणून मात्र एक नंबर. कुरकुरणाऱ्या मशिनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून टाकायचं. हीच विद्या ते झाडांवर चालवायचे, फक्त स्क्रूड्रायव्हरऐवजी बोटाने. तर्जनी दोन पेरं मातीत खुपसायची, बाहेर काढून उजेडात धरायची आणि निकाल द्यायचा. माती बोटाला धरून राहिली तर ठीक, भुरूभुरू गळली तर पाणी, आणि चिखल झाला तर ज्याने पाणी घातलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी एकदा म्हटलं, "मामा, जंगलात कोण बोट घालायला जातं? तिथली झाडं वाढतातच की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साहेबांना राँग नंबर जोडून दिला होता. "जंगलातलं झाड सोताच्या घरी हाय, बाई," ते म्हणाले. "काय पायजे ते मुळ्या लांबवून हुडकतंय. ह्ये पिंपातलं झाड नोकरीला आणलेलं हाय. त्यानं काय अर्ज केला न्हवता. आपुन उचलून आणलं, मग त्याचं खाणंपिणं आपुनच बघायचं."

आणि बघायचं म्हणजे किती, त्याला काही सुमार? कटिंग ऑइलची रिकामी पिंपं मधोमध कापून, सोड्याने तीन-तीनदा धुऊन मामांनी त्यात झाडं लावली होती. प्रत्येकाला मशिनसारखा पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर ठोकलेला नंबर. पहिली शिफ्ट सुटताना फिटर लोक दुसऱ्या शिफ्टला चार्ज देतात. अमक्या मशिनचा पट्टा ढिला आहे, तमका पंप गळतोय. मामा त्याच दमात सांगायचे, "चार नंबरच्या मोगऱ्याला आज नगं, नवाच्या लिंबाला तांब्याभर, आन् कढीपत्ता उनातनं सरकव." दुसऱ्या शिफ्टचा फिटर मान डोलवेपर्यंत त्याच्या शर्टाची बाही सुटायची नाही. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी. मामा गुरुवारीही हजर, पण कार्ड पंच करायचे नाहीत. घरच्यांना पाणी पाजल्याचा ओव्हरटाइम कोण घेतं, हे त्यांचं म्हणणं. खंडेनवमीला सगळ्या मशिनांना हार चढायचे. मामांच्या पिंपांत तेव्हा जास्वंद आणि शेवंती लगडलेली असायची, आणि मामा चिंचवडच्या बाजारातून पिशवीभर फुलं विकत आणायचे. त्यांच्या झाडाचं फूल तोडायची कुणाची छाती नव्हती. एका मोठ्या साहेबांच्या बायकोने एक जास्वंद केसात माळली होती, तर मामांनी दोन दिवस साहेबांच्या केबिनचा पंखा दुरुस्त केला नाही.

माझं आणि झाडांचं जन्मजात वाकडं. माझ्या हाताचा गुण असा, की कोरफडसुद्धा वाळावी. स्विचबोर्डजवळ ठेवलेला मनीप्लांट महिन्याभरात गेला. मग हौसेने तुळस आणली, तिने आठवड्यात मान टाकली. मामा आत आले, कुंडी उचलली, "सिक लीव्हवर नेतो," म्हणाले आणि गेले. ती तुळस काही ड्यूटीवर परत आली नाही. त्यांच्या रांगेत सव्वीस नंबरचा बिल्ला लावून अशी तरारली, की मला बघून तोंड फिरवते की काय असं वाटायचं. मला हुकूम झाला, झाडं बघायला यायचं तर हात मागे बांधून यायचं.

या सव्वीस जणांत मामांचा जीव होता तो सतरा नंबरच्या सोनचाफ्यात. आळंदीला एकादशीला गेले असताना कुणाकडून तरी वीतभर रोप आणलं होतं, ते आता मामांच्या डोक्याच्या वर गेलं होतं. पण पाच वर्षं झाली तरी फूल म्हणून नाही. कॅन्टीनमध्ये लोक छेडायचे, "काय मामा, सतरा नंबर कधी पर्मनंट होणार?" मामा शांतपणे चहा बशीत ओतत म्हणायचे, "प्रोबेशनवर हाय. व्हईल."

आणि एका मार्चअखेरीला कंपनीत संप झाला. मामा युनियनचे कट्टर. घोषणांना त्यांचा आवाज सगळ्यांत वर. कंपनीचे माळीही संपात. आत उरलो आम्ही स्टाफची चार टाळकी. तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं, की फाटकाच्या लोखंडाला हात लागेना. मी बोर्डवर डुलक्या घेत बसले होते, तेवढ्यात फाटकाच्या गजांपलीकडून हाक आली. मामा उभे होते, आणि घोषणा देऊन त्यांचा घसा बसला होता.

"बाई, तुमाला बोटं किती?"

"दहा," मी म्हटलं.

"मग तीन खेपा कराव्या लागतील," ते म्हणाले, आणि माझी नेमणूक झाली.

माझ्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, जिभेवर तर मुळीच नव्हता. "ओलं हाय" असं मी सांगितलेलं चालायचं नाही. रोज पाच वाजता मी पिंपांपाशी जायचं, एका पिंपात एक याप्रमाणे दहा बोटं बुडवायची, डाव्या अंगठ्यापासून क्रम, आणि हात तसेच वर धरून फाटकाशी यायचं. मामा बाहेरून, चष्मा पुढे ओढून, मग दोन्ही हात पाठीमागे बांधून एकेक बोट तपासायचे. "करंगळीला तांब्याभर. मधल्याला निम्मा. ह्ये काय, अंगठा वरवर घातला का? परत जावा." हात धुऊन दुसरी खेप, मग तिसरी. हमरस्त्यावरून बसगाड्या जायच्या, आणि संपवाल्यांसमोर दोन्ही हात वर करून उभी असलेली बाई त्यातले लोक खिडकीतून माना काढून बघायचे. आमच्या चिंचवडात दोन दिवसांत बातमी पसरली, की कामगारांनी ऑपरेटरबाईंना फाटकाशी हात वर करायला लावलं. सासूबाईंनी मला नोकरी सोडायला सांगितलं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, तेव्हा त्या जास्तच घाबरल्या.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना संशय आलाच. आत सिक्युरिटीचे सुभेदार माझ्या पाठोपाठ येऊन बोटांचा वास घेऊ लागले. बाहेर कमिटीतला एक तरुण मामांना म्हणाला, "मामा, आतल्या माणसांशी बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं?" मामा म्हणाले, "संपावर आपुन हाय. झाडं कुठं संपावर हायेत? त्यांनी काय मेंबरशिप घेतली न्हाई." त्यावर फाटकापुढे रीतसर सभा झाली आणि झाडांच्या पाण्यापुरतं बोलायला परवानगी असा ठराव झाला. आतूनही साहेबांची चिठ्ठी निघाली, की ऑपरेटरने पाच ते साडेपाच पाणी घालण्यास हरकत नाही. दोन्ही बाजूंचं एकमत झालेली त्या संपातली ही पहिली गोष्ट. त्यामुळे संप मिटला असं कुणाला वाटेल, पण तसलं काही झालं नाही. तो पुढे चांगला दीड महिना चालला.

चूक माझीच झाली. सतरा नंबरवर मामांचा जीव, म्हणून मी त्याला सगळ्यांच्या नकळत रोज एक तांब्या जास्त घालायला लागले. वाटलं, लाडाचं आहे, घेऊ दे. बोट दाखवायच्या वेळी मी ते हळूच रुमालाने टिपायचे, म्हणजे चिखल दिसायचा नाही. एप्रिल सरता सरता चाफ्याची पानं पिवळी पडायला लागली आणि दोन दिवसांत निम्मी गळली. मग माझी पाचावर धारण बसली. मी फाटकाशी गेले आणि रुमालासकट सगळं कबूल केलं.

मामा रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "बोटाचा वास घ्या." घेतला. आंबूस होता. "खालचं भोक बुजलंय. पाणी आत साचलंय, मुळं कुजत्यात. आजच्या आज मोकळं झालं तर झालं." बोलता बोलता त्यांनी फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. सुभेदारांनाही ते बघवेना. त्यांनी फाटकातलं छोटं दार उघडलं आणि म्हणाले, "मामा, या दोन मिनिटं. मी तिकडे तोंड करतो." बाहेरच्या लोकांनीही माना वळवल्या. तो कमिटीतला तरुण तर मुद्दाम चप्पल बघत बसला. मामांनी एक पाय उचलला, आणि परत खाली ठेवला. "आत पाय टाकला तर संप मोडला," ते म्हणाले. "दोन मिन्टं काय, आन् दोन म्हैने काय. बाई, भोक पाडायचा पंच आन् हातोडी घ्या."

मग मी, जिने उभ्या जन्मात भिंतीत खिळा ठोकला नव्हता, पदर खोचून त्या पिंपाशी आडवी झाले. मामा लांबून गजांना धरून सांगत होते आणि सुभेदार ते माझ्यापर्यंत ओरडून पोचवत होते. "बुडाशी, चार बोटं वर. पंच सरळ धरा. भ्यायचं न्हाई. झाडाला लागत न्हाई, पत्र्याला लागतंय." दोन घाव अंगठ्यावर बसले, तिसरा पत्र्यावर. पाचव्या घावाला भसकन काळं पाणी आलं, माझ्या साडीवर, तोंडावर, सगळीकडे. मी तशीच उठून दोन्ही हात वर करून दाखवले. फाटकापलीकडे टाळ्या पडल्या. मामा टाळ्या वाजवत नव्हते. ते चष्मा पुसत होते.

संप मिटला तोवर चाफ्यावर एक पान राहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी सगळे गुलाल उधळत आत आले. मामा कार्ड पंच न करता थेट सतरा नंबरशी गेले. मी मागे उभी, हात पाठीशी बांधून. मामांनी खोडाची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं. "जित्तं हाय," ते म्हणाले, आणि खाली पिंपाच्या कडेवरच बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी हयगय न्हाई केली, बाई. माया जास्त केली. झाडाला दोन्ही सारखंच, पर माणसाला सारखं धरू नये."

दुसऱ्या पावसाळ्यात सोनचाफ्याला पहिलं फूल आलं. एकच. सकाळी मी खोलीत आले, तर सगळी खोली घमघमत होती. ज्या माणसाने खंडेनवमीलासुद्धा घरचं फूल तोडलं नाही, त्याने ते आणून माझ्या स्विचबोर्डवर ठेवलं होतं. मी दिवसभर लोकांना चुकीचे नंबर जोडून दिले.

ऐंशी सालानंतर मामा रिटायर झाले. निरोपसमारंभात भाषण करायचं सोडून त्यांनी मला रांगेतून एकपासून सव्वीसपर्यंत फिरवलं आणि चार्ज दिला. माझी बाही काही धरली नाही, पण मान डोलवल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी पाच वाजता ते सायकल घेऊन फाटकाबाहेर उभे. आत यायला पास लागायचा, आणि आपल्याच कंपनीत पास काढून यायचं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मी बोटं भरवून गजांशी गेले. त्यांनी चष्मा पुढे ओढला. संपातली तीच जागा, तेच आम्ही दोघं. फरक एवढाच, की या खेपेला काही मिटून ते आत येणार नव्हते.

आधी रोज यायचे, मग आठवड्याने, मग गुडघ्यांनी सायकल सोडवली आणि येणं थांबलं. मला ते फार आवडायचे, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आता माझ्या गॅलरीत अकरा कुंड्या आहेत आणि सगळ्या जगल्या आहेत. रोज पाच वाजता मी मातीत बोट घालते, आणि बाहेर काढलं की हात आपोआप वर जातो. जरा वेळ तसाच धरून ठेवते. "बास, आज नगं," एवढं कुणीतरी म्हणायचं राहिलेलं असतं.