बाबांनी शिवलेला टप

पाचूबंदरला आमच्या दारात, जाळी वाळत घालतात तिथेच, सहा वर्षं खपून मी भंगारातली जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी केली. इंजिन, पत्रा, रंग, सगळं घरीच. फक्त छताचा फाटका कापडी टप कोणी नवा शिवून देईना. शेवटी अख्खा जन्म बोटीवर काढलेल्या बाबांनी जाळ्याचा नायलॉन दोरा घेतला आणि टाक्यागणिक गाठ मारत टप शिवला. म्हणाले, "एक टाका तुटला तरी बाकीचे उसवनार नाय."

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकाने नेमकं त्या गाठींवर बोट ठेवलं. "हे मूळ गाडीसारखं नाही. गुण कापावे लागतील."

"खुशाल कापा," मी म्हटलं. "मूळचा टप फाटला होता, साहेब. हा नाही फाटणार."