काटा साठावर होता

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही, आणि सांगणारही नव्हतो. पण त्या अपघाताच्या घरोघरच्या कथा ऐकून आता कान किटले आहेत. मेहुणा दिगंबर म्हणतो, सुलभाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. चूक. शेजारी म्हणतात, पुलाच्या उताराने गाडीला वेग आला. अहो, उताराने वेग वाढला तर मीटरचा काटाही वर चढतोच ना? मुलगा म्हणतो, मीटरच बिघडले होते. साफ चूक! मीटर ठणठणीत होते. तीस वर्षे पॉलिटेक्निकात यंत्रे शिकवलेल्या माणसाला निदान विचारावे तरी — पण विचारले असते, तर मी काय सांगितले असते?

सुलभा, माझी पत्नी, पन्नाशीत गाडी शिकली. काचीगुड्याहून अंबरपेठेला बहिणीकडे एकटी जायची, परतल्यावर चेहरा उजळलेला असायचा. एका दुपारी उड्डाणपूल उतरताना गाडी दुभाजकावर चढली. तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मात्र पुलावरच्या कॅमेऱ्याने वेग सहासष्ट नोंदवला होता, आणि मर्यादा साठाची. ती एकच सांगत राहिली — काटा साठावर होता, मी पाहिला होता. सगळे हसले. मीही हसलो.

आता ऐका. दोनच महिन्यांपूर्वी नारायणगुड्याच्या दुकानातून त्या गाडीला मी मोठे टायर बसवून घेतले होते. कशासाठी? खड्ड्यांसाठी, असे घरी सांगितले. खरे म्हणजे गाडी उंच, रुबाबदार दिसावी म्हणून. दुकानदाराने बजावलेही होते, "साब, इत्ता बडा टायर डाले तो मीटर कम बताता. सोंच लेओ." मला शिकवतोस? — असे मी त्याला म्हणालो. मला! चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. मीटर बिचारे फेरेच मोजते. वर्गात हे गणित मी फळ्यावर किती वेळा सोडवले असेल! काटा साठ, गाडी सहासष्ट. जड चाकांना थांबायलाही जागा जास्त लागते. म्हणजे सुलभा अक्षरशः खरे बोलत होती. साठानेच गेली असती तर गाडी दुभाजकावर चढली नसती का? — ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या दोषाशी त्याचा संबंधही नाही.

कारण दोष तेवढाच नाही. इथपर्यंत आलो आहे, तर पुढचेही लिहितो.

दुरुस्तीच्या वेळी मी मूळ मापाचे टायर पुन्हा बसवले, कोणालाही न सांगता. मग एका रविवारी दिगंबरला शेजारी बसवले, सुलभाला मागे. म्हणालो, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. दिगंबरच्या हाती वेग दाखवणारा मोबाइल दिला. काटा साठावर आणला. मोबाइलवरही साठ. दिगंबर खदखदून हसला — "बघ ताई, भावजींचं मीटर खोटं बोलत नाही!" मागून सुलभा हळू म्हणाली, "मग मीच चुकीचं पाहिलं असेल." आरशात तिचा चेहरा दिसत होता. मी आरसा जरा वर केला.

त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. अंबरपेठेला रिक्षाने जाते. लायसन्सची मुदत संपली, तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज मी आणला होता. तिने तो घडी करून परत दिला. तिला हौसच नव्हती, असेही आता सांगितले जाते. हे मात्र मी खपवून घेणार नाही. तिला हौस होती.

गेल्या आठवड्यात नात हट्ट धरून बसली, आजी, गाडी तूच शिकव. सुलभा भाजी निवडत होती. म्हणाली, "नको गं, मला वेगाचा अंदाज नाही. तुझ्या आजोबांनी सिद्ध करून दाखवलंय."

मी समोरच बसलो होतो. नातीने माझ्याकडे पाहिले. मी तिला टायरमध्ये हवा किती असावी, ते समजावून सांगू लागलो.