डाव्या अंगाचा पोचा

कवळीवाल्या बाई चिडल्या की त्यांची चाल बदलते. एरवी त्या सावकाश चालतात, वाटेतला दगडसुद्धा वळसा घालून टाळतात. पण डोकं फिरलं की टाचा अशा वाजतात, की दारात बसलेली माणसं मान वर न करताच म्हणतात, "आज कुणाचं तरी काही खरं नाही."

त्या दुपारी टाचा वाजत गेल्या त्या खेळण्यांच्या दुकानापासून थेट दिराच्या गॅरेजपर्यंत. बाईंच्या हातात होती एक हिरवी मोटार, ओंजळीत मावेल एवढी, प्लास्टिकची. मोटार त्यांनी अशी धरली होती, जशी पडलेल्या लेकराला उचलून दोषी माणसाच्या दारात नेतात.

बाई दातांच्या कवळ्या बनवतात. आसपासच्या वस्तीतले निम्मे म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी खातात, हसतात आणि भांडतातही. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर बाई आधी त्याच्या जबड्याकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. त्यांचे यजमान काचवाले होते. खिडक्यांची तावदानं बसवायची, आरसे पोहोचवायचे, हा त्यांचा धंदा. ते जाऊन आता बरेच दिवस झाले.

काचवाल्यांची गाडी मुळात चार दारांची, लांब नाकाची, घरच्या मंडळींनी हवा खायला जावं अशी. पण तावदानांना सीटवर बसता येत नाही. मग काचवाल्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून तिचा अवतारच बदलला. मागची दोन्ही दारं वेल्डिंग करून कायमची बंद केली, मागच्या खिडक्यांवर पत्रा चढवला, आत फळ्या ठोकल्या आणि उजव्या अंगाला आरसे उभे करायची तिरपी घोडी लावली. डावं अंग मात्र मोकळं ठेवलं. ते सगळं काम धाकट्याचं. पत्र्याचे पोचे काढण्यात त्याचा हातखंडा. दाराची फट कुठे होती हे सांगूनही कुणाला सापडायचं नाही, इतकं ते अंग त्याने सपाट केलं होतं. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो म्हणायचा, "हात फिरवून बघा, फिरवा की, पैसे पडत नाहीत."

त्याच सपाट अंगावर, रंग वाळून महिनाही झाला नसेल, बाईंनी लाथ घातली.

कारणही तसंच होतं. लेक तापाने फणफणली होती. काचवाल्यांनी सांगितलं, आलोच गाडी घेऊन, डॉक्टरकडे जाऊ. आणि वाटेत एका न्हाव्याने गळ घातली, की आरसा आत्ताच लावून द्या, गिऱ्हाईक खोळंबलंय. काचवाले भिडस्त. त्यांना नाही म्हणता यायचं नाही, बायकोला सोडून. बाईंनी वाट पाहिली पाहिली, मग पोरीला खांद्यावर टाकून पायी निघाल्या. औषध घेऊन परत आल्या तरी गाडीचा पत्ता नाही. संध्याकाळी स्वारी शीळ घालत आली. जाड टाचेची चप्पल पायात होतीच. गाडीला वळसा घालून त्या डाव्या अंगाला गेल्या आणि सगळा दिवस त्या एका लाथेत ओतला.

काचवाले पोच्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ त्यावरून तळवा फिरवत राहिले. धाकटा धावत आला, "दादा, उद्या सकाळी काढून टाकतो, समजणारसुद्धा नाही." काचवाले म्हणाले, "राहू दे."

तो पोचा राहिला तो राहिलाच. पुढे काचवाल्यांना कधी उशीर झाला नाही असं नाही. झाला. पण आधी निरोप यायचा. आणि रोज गाडी सुरू करण्याआधी ते डाव्या बाजूला जाऊन पोच्यात तळवा टेकवायचे. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायचे, "ही आमच्या घरची सही आहे." बाई आत स्वयंपाकघरात लाजून आणि चिडून, दोन्ही एकदम, भांडी आपटायच्या.

काचवाले गेल्यावर गाडी दारात उभी राहिली. चाकं बसली, खाली तेल गळू लागलं. एके दिवशी बाई कामावरून आल्या तर दारात फक्त तेलाचा डाग. दिराने भंगारवाला बोलावला होता. "वहिनी, उंदीर झाले होते आत," तो म्हणाला, "तुम्हाला त्रास नको म्हणून विचारलं नाही." त्या दिवशी बाईंना रडू आलं नाही. संताप आला, आणि तो मुरत राहिला.

मग एकदा खेळण्यांच्या दुकानात त्यांना ते खोकं दिसलं. झाकणावर तशीच लांब नाकाची, चार दारांची गाडी. आत प्लास्टिकचे सुटे भाग, जोडून घ्यायचे. दुकानदार म्हणाला, "काकू, हे शेवटचं. कंपनीने बनवायचं बंद केलंय. नातवासाठी का?" बाई म्हणाल्या, "नवऱ्यासाठी." दुकानदाराने खोकं कागदात नीट गुंडाळून दिलं.

कवळीच्या कामाची सगळी हत्यारं त्या इवल्याशा गाडीच्या कामी आली. मागच्या दारांच्या फटी बाईंनी कवळीच्याच गुलाबी भुकटीने भरल्या. भुकटीवर ते उग्र वासाचं पाणी टाकलं की तिचा लगदा होतो, आणि तो घट्ट व्हायच्या आत घडवावा लागतो. कित्येक दिवस त्या गाडीला मागून हिरड्या फुटल्यासारख्या दिसत होत्या. खिडक्यांवर डब्याच्या झाकणाचा पातळ तुकडा कापून बसवला. दात ज्या तारेने अडकवतात त्या तारेची घोडी वळवली. ओल्या पॉलिशपेपरने घासून घासून डावं अंग दिराच्या कामासारखं सपाट केलं. बॉनेटचा हिरवा मुद्दाम वेगळा ठेवला, कारण खऱ्या गाडीचं बॉनेट दुसऱ्याच गाडीचं होतं.

आणि सगळ्यात शेवटी पोचा. प्लास्टिकला लाथ मारता येत नाही, ते तडकतं. बाईंनी कवळी घासायच्या बारीक चाकाने आतून ती जागा नखाएवढी पातळ केली, मेण कोरायची सुरी दिव्यावर जराशी तापवली आणि श्वास रोखून दाबली. पोचा आला. गोल, देखणा, बशीसारखा. बाई त्याच्याकडे बघत बसल्या. काहीतरी कमी होतं, पण काय ते कळेना. तरी त्यांनी त्यात बोटाचं टोक टेकवलं आणि त्यांचं मन भरून आलं.

दुकानदाराने गाडी दर्शनी काचेत मांडायला मागितली. वरून म्हणाला, "काकू, काम एक नंबर. हा खड्डा तेवढा भरून घेऊ या का?" बाई म्हणाल्या, "खड्डा राहील, नाहीतर गाडी राहणार नाही." दुकानदार हसला. बाईंना वाटलं, समजला.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या मुद्दाम वाट वाकडी करून काचेपाशी गेल्या. गाडी झळकत होती. डावं अंग रस्त्याकडे. आणि ते अंग आरशासारखं सपाट होतं.

"काकू!" दुकानदार दारात आला, दोन्ही हात पसरून. "कसं वाटलं? तुमच्या दिरांना सांगितलं, म्हटलं घरच्या माणसाचा हात लागू दे. ओळखू येतंय का काही?"

बाईंनी आत जाऊन काचेतली गाडी उचलली, आणि टाचा वाजू लागल्या.

गॅरेजमध्ये दीर एका गाडीच्या दारावर हातोडी चालवत होता. आता तोही पिकलेला माणूस, पण वहिनी दिसली की अजून हातातलं काम खाली ठेवतो.

"भाऊजी, हे काय आहे?"

"बघितलीत का? तुम्हाला चकित करायचं होतं."

"मी विचारलं, हे काय आहे?"

"गाडी आहे, वहिनी."

"कुणाची?"

"दादाची."

"दादाची गाडी अशी होती?"

दीर घोटाळला. "म्हणजे, व्हायला हवी होती तशी."

"व्हायला हवी होती तशी करा, असं कोणी सांगितलं तुम्हाला? स्वप्नात आले होते का ते?"

"अहो, पण सगळी गाडी इतकी सुरेख, आणि तेवढाच पोचा! माझ्याने बघवेना. दुकानदार म्हणाला, काकूंचा हात चुकला असेल."

"हात नव्हता तो, पाय होता!" बाई कडाडल्या. "आणि चुकला नव्हता."

मग दिराचाही आवाज चढला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वर आलं. "तुमचा पाय, वहिनी, पण काम माझं होतं! जन्मात तसं अंग पुन्हा सपाट जमलं नाही मला. आणि दादा तो पोचा मिरवत गावभर हिंडला. लोक तोंडावर म्हणायचे, सख्ख्या भावाच्या गाडीची ही तऱ्हा, आमच्या गाडीचं तू काय करणार? दर वेळी मी म्हणायचो, दादा, काढतो. दर वेळी तो म्हणायचा, राहू दे. माझी अब्रू नव्हती का त्या पत्र्यावर?"

"मग त्यांना सांगायचं होतं!"

"सांगितलं! तो हसायचा!"

"ते हसायचे, म्हणून सूड माझ्यावर? दोनदा नेलीत ती गाडी माझ्यापासून, भाऊजी. एकदा भंगारात घातलीत, एकदा नीट केलीत. आणि दोन्ही वेळा मला विचारलं नाहीत. भंगारवाला परवडला, त्याने निदान गुळगुळीत करून दिली नाही."

शेजारच्या पंक्चरवाल्याने पंप थांबवला. दीर खाली बघू लागला. मग हलकेच म्हणाला, "आणा इकडे. पोच्यात भरलेली पुटी खरवडून देतो."

"हात लावून तर बघा. खाली प्लास्टिक नखाएवढं आहे. चुरा होईल."

"एवढं पातळ? मला काय माहीत?"

"विचारलं असतंत, तर माहीत झालं असतं," असं म्हणून बाई पाठ फिरवून निघाल्या. दीर तसाच काळ्या हातांनी मागोमाग.

कवळ्यांच्या टेबलाशी बसून बाईंनी सगळ्यात बारीक चाक लावलं आणि पुटी उतरवू लागल्या. पांढरी धूळ उडत होती. दीर मागे उभा, चुळबुळत. पण मोटारगाड्यांच्या पुटीत प्लास्टिक खाणारं काहीतरी असतं. वरचा थर निघाला तसा खालचा पोचाही पुटीसोबत सुटला, आणि डाव्या अंगातून आरपार उजेड दिसू लागला. पोच्याच्या जागी भोक.

बाईंनी चाक थांबवलं. दुसरं खोकं मिळणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"वहिनी," दीर म्हणाला, "मला मारा."

"तुम्हाला मारून पोचा येणार आहे का?"

त्यांनी गुलाबी भुकटी घेतली, त्यावर पाणी टाकलं, लगदा मळला आणि आतून भोकावर बसवला. हिरव्या गाडीत हिरडीचा तुकडा. आता तो घट्ट व्हायच्या आत पोचा पाडायचा. बाईंनी पूर्वीसारखीच सुरीची गोल पाठ टेकवली.

"गोल नव्हता तो," मागून दीर म्हणाला.

"काय?"

"पोचा गोल नव्हता. वरती कडक धार होती आणि खाली ओढत गेलेला. टाच लागली आणि घसरली तुमची. मी शंभरदा हात फिरवलाय त्यावरून. कसा काढायचा ते मनात ठरवून ठेवलं होतं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "लाथ मी मारली, आणि आकार तुम्ही सांगणार?"

पण बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. टाच घसरली होती, खरंच. त्या पडल्या होत्या, तळवा खरचटला होता, आणि हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काचवाल्यांनी पाहिलं होतं, पण त्यांनीही तो विषय कधी काढला नाही. आणि हा माणूस ते पत्र्यावरून वाचून बसला होता.

"लगदा घट्ट होतोय, वहिनी."

"मला दिसत नाही का?" बाई खेकसल्या. सुरी बाजूला फेकली. न्हाव्याचा तो आरसा, तापलेली पोर, शीळ, दारातला तेलाचा डाग, आणि आता हा भोक पाडून वर शिकवणारा दीर, सगळं त्यांच्या अंगठ्यात उतरलं. त्यांनी दाबलं. लगदा ओला होता, अंगठा घसरला आणि खाली ओढला गेला.

बाईंनी हात काढला. दोघं वाकून बघत राहिले. वरती धार, खाली ओढ.

दिराने विचारलं, "लावू बोट?"

"लावा."

त्याने काळं बोट पोच्यात अलगद टेकवलं आणि तसंच ठेवलं.

बाईंनी त्याला माफ केलं, असं कुणी समजू नये. रंग त्यांनी त्याच्याकडूनच देऊन घेतला, समोर बसून, आणि धारेवर ब्रश जरा जास्त फिरला तेव्हा म्हणाल्या, "भरताय की रंगवताय?"

गाडी परत काचेत गेली. बाईंनी स्वतःच्या हाताने डावं अंग रस्त्याकडे वळवून ठेवलं. दुकानदाराने चाचरत विचारलं, "काकू, लोक विचारतात हो, इतक्या सुंदर गाडीला असं का? काय सांगू?"

"सांगा, त्यांना उशीर झाला होता."

दीर रोज गॅरेज उघडायला त्याच रस्त्याने जातो. काचेपाशी क्षणभर थांबतो, आणि दोन्ही हात खिशात घालतो.